पिकअपचा सेल्फ फिरत नाही? आधी टर्मिनल पाहा

भाऊ, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरत नाही म्हणून लगेच नवी बॅटरी आणायला यवतमाळ गाठू नको. गाडी न्यूट्रलला घे, हँडब्रेक ओढ, हेडलाइट लावून चावी फिरव. लाइट एकदम मंदावले, टिकटिक आवाज आला, तर घोळ बॅटरीत किंवा टर्मिनलवर, म्हणजे बॅटरीला वायरी जोडतात त्या टोकांवर. पांढरा-हिरवा थर दिसला तर आधी निगेटिव्ह (−) वायर काढ, खायच्या सोड्याच्या पाण्याने धू, घासून घट्ट आवळ. इंजिन ते चेसिस (गाडीचा सांगाडा) अर्थची पट्टीही बघच. कापसाच्या खेपा मारणाऱ्या जुन्या गाड्यांत मला तीच गंजलेली सापडते. चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. चावी मारताना ९.६ च्या खाली गेली तर कमजोर. लाइट लख्खच आणि आवाज काहीच नाही? मग सोलेनॉइडची (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बारीक वायर नि चावीचा स्विच तपास.