शंकेची पाल आणि तिची गुणसूत्रे

प्रश्न : दिसायला सारख्याच पाली वेगवेगळ्या प्रजातींच्या आहेत, हे गुणसूत्रे आणि डीएनए पाहून कसे ठरवतात? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : माझी बरीच वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गुणसूत्रे मोजण्यात गेली, तेव्हा हा प्रश्न थेट घरचाच. पेशींचे विभाजन कोल्चिसिन या रसायनाने मध्येच थांबवायचे, क्षाराच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या आणि काचपट्टीवर उंचावरून थेंब सोडायचा. गुणसूत्रे सुटी पसरतात. दोन एकमेकांवर चढली, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

पॅसिफिक बेटांवरची ‘लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस’ घ्या. जवळपास सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालणाऱ्या. काहींत गुणसूत्रे ४४, काहींत ६६, म्हणजे दोनाऐवजी तीन संच. इथे संकराची शंका येते. पण संकर कोणाकोणाचा, हे नुसती मोजणी सांगत नाही. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेतला (मायटोकाँड्रियातला) डीएनए आईकडूनच येतो. तो तपासल्यावर आईचे घराणे ‘लेपिडोडॅक्टिलस मोएस्टस’ या दुसऱ्या प्रजातीचे निघाले.

आपल्याकडेही भारतातल्या कितीतरी पालींना वर्षानुवर्षे ‘हेमिडॅक्टिलस ब्रुकी’ हे एकच नाव चिकटले होते. डीएनए आणि शरीररचना एकत्र पाहिल्यावर त्यांतल्या मुरेई, पार्व्हिमॅक्युलेटस अशा प्रजाती वेगळ्या ओळखता आल्या. ‘एकत्र’ या शब्दावर माझा जोर आहे. नुसत्या डीएनएवर नवे नाव ठोकून द्यायची घाई मला पटत नाही. खवले आणि मांड्यांवरची छिद्रे आधी मोजा.