खेळ ऐन रंगात आला की संगणक पुन्हा सुरू होतो

प्रश्न : गेल्या मे महिन्यात मी आणि धाकट्या भावाने सुटे भाग जमवून घरीच गेमिंग संगणक जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि जुने घेतलेले आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) मात्र घरातल्या आधीच्या संगणकाचा, ५५० वॅटचा, सात वर्षे वापरलेला. टायपिंग, सिनेमे, इंटरनेट यांत दिवसभर काही होत नाही. पण मोठा गेम लावला की दहा-वीस मिनिटांत पडदा काळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. गणपतीत मुंबईहून भाचे आले, तेव्हा एका संध्याकाळी पाच वेळा असे झाले. विंडोजच्या बिघाडाचा निळा पडदा कधीच येत नाही. विंडोजच्या नोंदींच्या यादीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दरवेळी ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी लाल खुणेची नोंद असते. रॅम बदलली, विंडोज नव्याने टाकले, फरक पडला नाही. दुकानदार आता मदरबोर्ड बदला म्हणतो. आमच्याकडे विहिरीवरचा पंप सुरू झाला की दिवे मंद होतात, म्हणून संगणकाला स्टॅबिलायझर लावला आहे. काय करावे?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : मदरबोर्ड इतक्यात घेऊ नका. दोषाचा माग तुमच्या पत्रातच बराचसा लागतो आणि तो एसएमपीएसकडे जातो.

आधी त्या लाल नोंदीविषयी, कारण तिच्यामुळे अनेकांनी नको ते भाग विकत घेतलेले मी पाहिले आहेत. ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद बिघाड होताना लिहिली जात नाही. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर, मागच्या वेळी तो रीतसर बंद झाला नव्हता एवढेच विंडोज तीत नमूद करते. कारण तीत नसते. ती नोंद उघडून तपशिलात ‘बगचेककोड’ (विंडोजने पकडलेल्या चुकीचा क्रमांक) किती आहे ते पाहा. तेथे शून्य असेल, तर विंडोजला स्वतःची चूक लिहून ठेवण्याइतकीही सवड मिळालेली नाही, असा अर्थ बहुधा निघतो. खात्रीसाठी सिस्टीम प्रॉपर्टीजमधील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढून टाका. त्यानंतरही निळा पडदा न दिसता संगणक पुन्हा सुरू झाला, तर ड्रायव्हर आणि विंडोज यांच्यावरचा संशय बराच कमी होतो. त्याच वेळेच्या आसपास ‘व्हीआ-लॉगर’ची, म्हणजे सुट्या भागांतील चुका टिपणारी, नोंद सापडली, तर मात्र प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्ड यांच्याकडे वळावे लागेल, तुम्ही तिचा उल्लेख केलेला नाही, म्हणून ती नसावी असे धरतो.

उष्णतेचा प्रश्न थोडक्यात. प्रोसेसर फार तापला तर तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेले तर संगणक बंद पडतो व सहसा बंदच राहतो. तुमचा तर लगेच उठून उभा राहतो. तरीही कॅबिनेटची जाळी साफ करून गेम चालू असताना तापमान एकदा पाहून घ्या.

आता एसएमपीएस. आरटीएक्स ३०७० या कार्डाची घोषित वीजखप २२० वॅट आहे आणि त्यासाठी निर्मात्याची शिफारस ६५० वॅटच्या एसएमपीएसची आहे. तुमचा प्रोसेसर जोरात चालताना सुमारे ७६ वॅट घेतो. पंखे, मदरबोर्ड, डिस्क धरूनही बेरीज ३५० वॅटच्या आसपास जाते; मग ५५० वॅट का पुरू नयेत, असे कोणीही विचारील. अडचण अशी की २२० वॅट ही सरासरी आहे. गेममध्ये एकदम स्फोट, धूर, गर्दी असे दृश्य आले की हे कार्ड काही मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदांपुरते त्याहून कितीतरी जास्त वीज ओढते. मीटरवर हे झटके दिसत नाहीत, पण एसएमपीएसला ते सोसावे लागतात. सात वर्षे चाललेल्या, आतले कपॅसिटर (विजेचा थोडा साठा धरणारे भाग) थकलेल्या एसएमपीएसचे व्होल्टेज अशा झटक्यात क्षणभर खाली येते, मदरबोर्डला मिळणारा ‘वीज ठीक आहे’ हा संकेत तुटतो आणि संगणक नव्याने सुरू होतो. या झटक्यांची दखल पुढे मानकांनाही घ्यावी लागली : २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुपटीपर्यंतचा भार पेलावा, अशी अपेक्षा आहे. तुमचा एसएमपीएस त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

दुसरी बाजू तुमच्या घरच्या विजेची. आपल्याकडे २३० व्होल्ट अपेक्षित असतात. संध्याकाळी, त्यातही वाडीच्या टोकाच्या घरांत, ते बरेच उतरतात आणि पंपाची मोटर उठताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून दिवे मंद होतात. गणपतीत माणसे वाढली, पंप पुन्हा पुन्हा लागला, रोषणाईच्या माळा त्याच बोर्डावर आल्या. त्या संध्याकाळी पाच वेळा का झाले, याचे उत्तर बहुधा येथे आहे. येणारी वीज क्षणभर तुटली तर एसएमपीएस आतल्या कपॅसिटरमधील साठ्यावर तग धरतो. पूर्ण भार असताना हा साठा चांगल्या एसएमपीएसमध्येही १६-१७ मिलिसेकंदांच्या आसपासच पुरतो. टायपिंग करताना भार फार थोडा असल्याने तोच साठा कितीतरी जास्त वेळ चालतो. म्हणजे खंड तोच, पण पत्र लिहिताना तो जाणवत नाही आणि गेममध्ये संगणक खाली बसतो.

येथे तुमचा स्टॅबिलायझर मदत करण्याऐवजी भर घालत असण्याची शक्यता आहे. साध्या स्टॅबिलायझरमध्ये रिले (विजेने चालणारा स्विच) असतो. व्होल्टेज बदलले की तो ‘टक्’ असा आवाज करून ट्रान्सफॉर्मरच्या एका टॅपवरून (जोडणीवरून) दुसऱ्यावर जातो आणि तेवढ्यात वीज काही मिलिसेकंद तुटते. फ्रिजला त्याचे काही वाटत नाही. तुमच्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर त्याला उतरलेला दाब फारसा बाधत नाही, तुटलेली वीज बाधते. आणि मग तो स्टॅबिलायझर तेथे हवाच कशाला?

नवे काही घेण्यापूर्वी एका संध्याकाळी एवढे करा. गेम चालू ठेवून भावाला पंपाच्या स्टार्टरपाशी उभे करा, त्याला चार-पाच वेळा पंप चालू-बंद करू द्या आणि स्टॅबिलायझरची टक् व पडदा काळा होणे यांची वेळ जुळते का, ते वहीत लिहा. नंतर पंप बंद ठेवून आणि स्टॅबिलायझर काढून, भिंतीवरच्या सॉकेटमधून थेट वीज घेऊन तासभर खेळा. तरीही संगणक पडला, तर ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढण्याची मर्यादा) आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम, तोच प्रसंग पुन्हा खेळा. एवढ्याने बिघाड थांबला, तर एसएमपीएसवरचा संशय जवळजवळ पक्का झाला. कॅबिनेट उघडाल तेव्हा कार्डाच्या दोन सॉकेटना एकाच केबलची दोन तोंडे लावली आहेत का, तेही पाहा. एसएमपीएसमधून निघणाऱ्या दोन वेगळ्या केबल लावाव्यात. कधी कधी तेवढ्यानेच काम भागते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचा एक्सएमपी, म्हणजे वाढीव, वेग दोन दिवस बंद ठेवून पाहायलाही पैसे पडत नाहीत.

एसएमपीएस घ्यावाच लागला, तर चांगल्या प्रतीचा ६५० किंवा ७५० वॅटचा घ्या. जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणाऱ्या, एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची निराळी असते आणि या एका चुकीने डिस्कसकट सारे जळते. वायरमन घरी आलाच, तर अर्थिंगही मोजून घ्या. जांभ्याच्या कातळात ते मुळातच चांगले लागत नाही, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते जागेवर नाही असेच समजा.

प्रश्न : माझा संगणक गेम न लावताही पुन्हा सुरू होतो, कधी कधी बायोसच्या पडद्यावरसुद्धा. पावसाळ्यात हे वाढते. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : बायोसमध्येही होते, म्हणजे विंडोजचा संबंध नाही. तुमच्या बाबतीत मी प्रथम कॅबिनेटवरच्या रीसेट बटणाकडे बघेन. खाऱ्या हवेत त्याच्या आतले पत्रे गंजतात, त्यांवर मिठाचा ओलसर थर बसतो आणि बटण कोणी न दाबताही ते एकमेकांना चिकटल्यासारखे होतात. मदरबोर्डच्या खालच्या कडेला लागणारी ‘रीसेट एसडब्ल्यू’ अशी छापलेली दोन पिनांची जोडणी उपटून ठेवा आणि दोन दिवस तसाच वापरा. त्या बटणावाचून काही अडत नाही. तोच प्रयोग पॉवर बटणावरही करता येतो : संगणक सुरू झाला की त्याचीही जोडणी काढून घ्यावी. फरक पडला नाही, तर रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटकून टाका आणि रॅमची एकेकच पट्टी लावून पाहा. मदरबोर्ड एकदा सोडवून त्याच्या पाठीमागे पितळेचा एखादा जास्तीचा स्टँडऑफ (मदरबोर्ड टेकवण्याचा खुंट) किंवा सुटलेला स्क्रू टेकलेला नाही ना, तेही तपासा. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका कॅबिनेटमध्ये तेथे वाळलेली पाल निघाली होती.