सुटतो तो जोड

बाळा, माल बांधायची पट्टी मधेच क्वचित तुटते; दगा देतो तो जोड. मस्जिद बंदरच्या गोदामात मी हेच पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पट्टीची दोन टोकं जोडणारी धातूची क्लिप पट्टीच्या रुंदीचीच घे. 16 मिमीच्या पट्टीवर 19 ची क्लिप कितीही दाबलीस तरी धरत नाही. पीईटी, म्हणजे पॉलिएस्टर प्लास्टिकची पट्टी गुळगुळीत, तिला आतून दातेरी क्लिपच हवी. साधी क्लिप ताणाखाली हळूहळू सरकते. गोदामात कळत नाही, ट्रक न्हावा शेवाला पोचेपर्यंत माल हललेला असतो. दोन्ही टोकं सरळ एकावर एक ठेव, क्लिपबाहेर दोन बोटं राहू दे आणि क्रिंपर, म्हणजे क्लिप दाबायची पकड, पूर्ण मिटेपर्यंत दाब. अर्धवट दाबलेली क्लिप मला दिसली तर मी ती कापायलाच लावतो. जोड खोक्याच्या कडेवर कधीच नको, सपाट बाजूवर घे.

पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकची पट्टी काही दिवसांत ढिली पडते, जड मालाला देऊ नकोस. तिथे पॉलिएस्टरच्या धाग्यांची कॉर्ड पट्टी आणि तारेचं बकल वापर: ताण वाढला की बकल अधिकच घट्ट आवळतं, आणि ढिली पडलीच तर पुन्हा ताणता येते.

लोखंडी पट्टी कापताना मात्र चष्मा आणि हातमोजे घाल. ती उसळून थेट तोंडावर येते.