इंजिन चांगलंच आहे गं, खालचा पत्रा बघ

गुहागर तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलंय. सासऱ्यांनी २००६ साली, निवृत्तीच्या पैशातून, मारुती ८०० घेतली. गेले दोन महिने ती पुढची चाकं काढून अंगणात जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर उभी आहे. नवरा दर रविवारी मोबाईलवर व्हिडिओ लावून गाडीखाली शिरतो, सासरे पडवीत खुर्ची टाकून सूचना देतात आणि जेवणाच्या वेळेपर्यंत दोघांचं बोलणं बंद. ब्रेकचा निप्पल (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) तुटला त्या दिवशी तर दोघांनी ताटंही वेगवेगळी घेतली. मुंबईचे दीर म्हणतात, भंगारात घाला. ती विचारते, "मामंजी म्हणतात, इंजिन अजून एका सेल्फात चालू होतं. ते खरंही आहे. मग मी बाजू कुणाची घेऊ? गणपतीच्या आत हे मिटेल असं काही सांगा."

अगं, बाजू नंतर बघू. आज नवरा घरी आला की चाकं बसवून गाडी आधी जमिनीवर घ्यायला सांग. जांभ्याची भिंत शंभर वर्षं उभी राहते, कारण तिथे वजन चिऱ्याच्या सगळ्या अंगावर पडतं. गाडीचं वजन एका टोकावर येतं, त्यात चिरा दोन महिने पाऊस प्यायलेला. तो आधी कुरकुरत नाही, एकदम फुटतो. मारुती हलकी म्हणतात ती इतर गाड्यांच्या मानाने. साडेसहाशे किलोच्या आसपास भरते, आणि खाली तुझा नवरा उताणा. पुन्हा कधी शिरायचंच असेल तर लोखंडी स्टँड आणावेत, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडं लावावीत आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवावं. नुसत्या जॅकवर तर नाहीच नाही.

आता निप्पल. मामंजी म्हणत होते त्यावर रॉकेल टाकून रात्रभर राहू दे, नवऱ्याने गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत पाना लावला. रात्रभर थांबायचं, हे मामंजींचं बरोबर. स्प्रे रॉकेलपेक्षा चांगला, हे नवऱ्याचं बरोबर (आणि रॉकेल आता मिळतंय कुठे?). पण आपल्याकडे खारा वारा वर्षभर त्या निप्पलच्या आट्यांत शिरत असतो. तो सुटण्याआधी तुटणार, हे गॅरेजवाल्यालाही माहीत असतं. फरक इतकाच की तुटल्यावर काय करायचं तेही त्याला माहीत असतं. ब्रेक घरी करायचे नाहीत. यावर मी वाद ऐकून घेणार नाही.

खरी गोम पुढेच आहे. तुमच्याकडे मामंजी इंजिनाची बाजू घेतात, दीर इंजिनाचं वय काढतात, नवरा इंजिनाची कुरकुर ऐकत बसतो. कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही गं. ती खालून मरते. चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारी हवा. त्यात पाहुणे आले की गाडी गुहागरच्या वाळूत न्यायची, धोपाव्याच्या जेट्टीवरून फेरीत चढवून दाभोळला उतरायचं, आणि घरी आल्यावर बोनेट पुसायचं! खालून गोड्या पाण्याचा पाईप कुणी मारत नाही. शिवाय आंब्याखाली उभी राहिली की काचेखालच्या जाळीत पानं अडकतात, पाण्याची वाट बुजते आणि ते पाणी आत गालिच्याखाली येऊन बसतं.

आमच्याकडे पद्मिनी गाडी होती. आमच्या ह्यांचंही तेच, "इंजिन बघ कसं खणखणीत आहे." होतंच. एकदा रत्नागिरीहून निघालो, हातखंब्याच्या अलीकडे खड्डा आला आणि माझ्या पायाखालचा पत्रा गेला. डाव्या पायातली चप्पल रस्त्यावर! तेव्हा कळलं की पायपुसण्याखाली ह्यांनी प्लायवूडचा तुकडा घालून ठेवला होता, वर्षभर, मला न सांगता. उरलेल्या वाटेत मी एक अक्षर बोलले नाही. इंजिन मात्र छान चाललं होतं.

म्हणून येत्या रविवारी असं कर. चारही दारं उघडून गालिचे बाहेर काढून वाळत घाल. टॉर्च आणि मोठा स्क्रू ड्रायव्हर मामंजींच्या हातात दे, नवऱ्याच्या नको. त्यांनी मुठीच्या बाजूने पत्रा वाजवत जायचं: पाय ठेवतो तिथे, दाराखालच्या पट्ट्या, बोनेट उघडून शॉकअप वरती बॉडीला बसतात त्या दोन जागा, बॅटरीच्या खालची बैठक. टणटणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर टोक दाबून बघायचं. ते आत गेलं तर उत्तर त्यांच्याच हाताला कळेल, तुला तोंड उघडायला नको आणि दिरांना तर नकोच. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या खालून जातात, त्या गॅरेजच्या रॅम्पवर बघून घ्यायच्या.

पायाखालीच एखादं भोक असेल तर पत्रा कापून नवीन वेल्ड होतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. शॉकअपच्या जागा सडल्या असतील तर मात्र पैसे घालू नका. गाडी २००६ ची, म्हणजे पंधरा वर्षांनी, २०२१ ला, एकदा रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) झालं असणार. ते पाच वर्षांचं. २०२६ चं आलंच. पुन्हा आरटीओची तपासणी, पुन्हा पर्यावरण कर. तो खर्च चांगल्या पत्र्यावर करावा. सुट्या भागांची चिंता नको. ८०० बनायची २०१४ साली थांबली, पण ओम्नी त्याच इंजिनावर पुढे कितीतरी वर्षं निघत होती, सामान मिळतं.

गाडी राहिली तर मामंजींना काम आहेच. प्लग साफ करणं, एअर फिल्टर झटकणं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्याने धुणं, जाळीतली पानं काढणं. पावसात हँडब्रेक ओढून चार-चार दिवस उभी ठेवायची नाही, मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. सपाटीवर पहिल्या गियरमध्ये टाकायची आणि चाकाला लाकूड लावायचं. हे शिकवायला मामंजींना नातवंड दे. नवरा चिडतो, नातवंड चिडत नाही.

आणि गणपती आणायला यंदा रिक्षा सांगून ठेव, गाडीवर अवलंबून राहू नकोस. पुढच्या पत्रात पत्रा कसा वाजला तेवढं कळव.