मुंबईसमोर समुद्रात तेल आहे, मग महाराष्ट्राच्या जमिनीखाली का नाही?

तेलविहिरींवर भूवैज्ञानिक म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही कोणी ना कोणी विचारतंच. तुम्ही त्यात भर घातली आहे: शेतातल्या विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसतो, मग खाली तेल असेल का? त्यावर शेवटी येतो.

सगळा खेळ आपल्या काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. समुद्रात तो तळाला आहे, देशावर तोच डोक्यावर आहे.

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवून हा कातळ झाला. नंतर पश्चिमेकडची जमीन खचत गेली, समुद्र आत आला आणि कातळावर गाळ साचत राहिला. त्यातल्या ‘पन्ना’ नावाच्या थरातला शेल, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेला खडक, सेंद्रिय द्रव्याने भरलेला. खोलगट जागी तो आणखी गाडला गेला, तापला आणि त्यातून तेल सुटलं. ते वर सरकत एका गाडलेल्या उंचवट्यापाशी पोचलं. मुंबईसमोरच्या ‘बॉम्बे हाय’ या तेलक्षेत्राच्या नावातला ‘हाय’, म्हणजे उंचवटा, तो हाच. समुद्राचा तळ तिथे जवळपास सपाट आहे, पाणी ७५-८० मीटर. मायोसीन या बेसॉल्टनंतरच्या भूवैज्ञानिक काळातल्या सच्छिद्र चुनखडकात तेल मुरलं आणि वरच्या शेलने झाकण घातलं. ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहीर खोदणाऱ्या यंत्रमंचाने १९७४ मध्ये तिथे तेल शोधलं, १९७६ पासून ते काढलं जातंय.

विहीर खोदताना असा चुनखडक चुरा होऊन, भोकात सोडलेल्या चिखलाबरोबर वर येतो. धुऊन ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो, आणि अंधाऱ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरला की तेलाचे कण पिवळसर उजळतात. रात्रपाळीची झोप उडवायला तेवढं पुरे.

गुजरातेत अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं, तिथेही कातळ तळाशी, गाळ वर. आपल्याकडे मात्र कोयनेत भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं तेव्हा सुमारे ९३३ मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. किल्लारीला ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळाचा थर निघाला तो जेमतेम ८ मीटर. एवढ्याशा गाळात कसलं तेल शिजणार? चंद्रपूरकडे गाळाचे जाड थर आहेत, पण तिथला माल कोळसा.

आता तुमचा तवंग. काडीने ढवळून बघा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळेच राहिले, तर ते लोहजिवाणूंचं काम. पुन्हा एकत्र जुळून आला, तर तेल आहे. पण मग आधी विहिरीवरचं डिझेल इंजिन तपासा.