अर्काने जिवाणू मरतात, मग सॅलडने का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेट्यूस आणि अरुगुला या सॅलडच्या पानांच्या अर्काने पेट्री डिशमधले (प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेले) जिवाणू मरतात असं वाचलं, अँटिऑक्सिडंटचे आकडेही दणदणीत दिसले, मग रोज सॅलड खाल्लं तर संसर्ग टळेल का, आणि पानं मुळातच जिवाणूविरोधी असतील तर ती एवढी धुवायची कशाला?

धुण्याचं आधी सांगतो, कारण तिथे गफलत झाली तर महागात पडेल. धुवायचीच. २०१८ च्या वसंतात अमेरिकेत रोमेन लेट्यूसमधून ई. कोलाय ओ१५७:एच७ हा पोटाचा गंभीर आजार घडवणारा जिवाणू पसरला. २१० जण आजारी पडले, पाच दगावले. जिवाणूविरोधी म्हणून नावाजलेली संयुगं त्या पानांतही होतीच. पण ती बहुतेक पेशींच्या आतल्या पोकळीत बंद असतात, जिवाणू बसतात वर, पृष्ठभागावर. पान चिरलं की रस बाहेर येतो खरा, पण त्यात साखरही असते आणि कापलेल्या कडेवर हे जिवाणू उलट जोमाने वाढतात. धुतल्याने त्यांची संख्या घटते, शून्य होत नाही. म्हणून आधी धुवून मग चिरा, आणि चिरलेलं फ्रिजमध्येच ठेवा.

आता अर्काने जिवाणू मरतात असं सांगणारे ते शोधनिबंध, म्हणजे पेपर. पानं वाळवतात, मिथेनॉलमध्ये अर्क काढतात, द्रावक उडवून तो घट्ट करतात आणि कागदी चकतीवर घालून जिवाणूंच्या थरावर ठेवतात. चकतीभोवती स्वच्छ कडं पडलं की निष्कर्ष तयार. मी अशा पेपरात सगळ्यात आधी मात्रा बघतो. ती बहुतेकदा मिलिग्रॅममध्ये असते, आणि तुलनेला शेजारी ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या चकतीत असतात ५ मायक्रोग्रॅम! क्वेर्सेटिन या पानांतल्या संयुगाचं एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण म्हणजे जवळपास ३३०० मायक्रोमोलर (हे तीव्रतेचं एकक). जेवणातून रक्तात पोचतं ते साधारण एक मायक्रोमोलर किंवा त्याहूनही कमी, आणि तेही आतडं व यकृत यांनी रूप पालटून टाकलेलं. त्यातून ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यामुळे त्यांच्यावर असे अर्क सहसा कमीच चालतात.

आता अँटिऑक्सिडंटचे आकडे. ते बहुतेकदा डीपीपीएच चाचणीतून येतात: डीपीपीएच या मुक्तमूलकाचं (अस्थिर, चटकन अभिक्रिया करणाऱ्या रेणूचं) जांभळं द्रावण अर्काने पिवळं पडतं, ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचं, झालं. झटपट होते म्हणून तिची इतकी चलती. पण डीपीपीएच हा मुक्तमूलक शरीरात नसतोच. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर अन्नपदार्थांच्या अशाच ओआरएसी (अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारी दुसरी चाचणी) आकड्यांचा तक्ता २०१२ मध्ये काढूनच टाकला, कारण त्या आकड्यांवरून आरोग्याचा अंदाज बांधता येत नव्हता आणि विक्रेते ते सर्रास वापरत होते.

मग पानांत काहीच नाही का? आहे की. अरुगुला आणि वॉटरक्रेसमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची संयुगं आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगवेगळे साठवलेले असतात. चावलं की दोन्ही एकत्र येतात आणि तो झणका देणारं आयसोथायोसायनेट तयार होतं. शिजवलं तर विकर निकामी होतं, म्हणून ही पानं कच्ची आणि नीट चावून खावीत. आयसोथायोसायनेटांपैकीच एक असलेलं, ब्रोकोलीतलं सल्फोराफेन हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूला मारतं हे २००२ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. पुढे माणसांना ब्रोकोलीचे मोड खायला दिले, तेव्हा संसर्गाचा जोर ओसरला, पण जिवाणू समूळ गेला नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकची जागा सॅलड घेणार नाही.

निवड करायची तर आइसबर्गपेक्षा लाल पानांचं लेट्यूस घ्या. त्यात अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य असतं आणि ते उन्हात वाढतं. आइसबर्गची आतली पानं उजेडच बघत नाहीत. वर थोडं तेल हवं, नाहीतर पानांतली ल्युटीन आणि बीटा कॅरोटिन ही रंगद्रव्यं नीट शोषली जात नाहीत. अर्काच्या कॅप्सूलच्या भानगडीत मी तरी पडणार नाही.

आणि घरात कोणी वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेत असेल, तर हिरव्या पानांचं प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नका. व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम बदलतो, त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोला.