'इनहिबिटरी रिसेप्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा होता की एका आरोग्यविषयक लेखात "पीडीसीडी१ हे जनुक रोगप्रतिकारक पेशींवरील प्रतिबंधक ग्राही सांकेतित करते" असं वाक्य आलंय, ते वाचून वाटतं की हे जनुक रोगाला प्रतिबंध करतं, आणि पुढे लिहिलंय की याच ग्राहीला अडवणारं औषध कॅन्सरवर देतात, मग चांगली गोष्ट अडवतात कशाला? आणि जाता जाता, या ग्राहीचं नाव पीडी-१, त्याला 'ते' म्हणायचं की 'तो'?

तुमचं वाचणं बरोबर आहे, घोळ त्या 'प्रतिबंधक'ने केलाय. मराठीत हा शब्द कायम बाहेरून येणाऱ्या वाईट गोष्टीकडे तोंड करून उभा असतो. रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, प्रतिबंधक उपाय, कुठलंही उदाहरण घ्या. इनहिबिटरी रिसेप्टर मात्र ज्या पेशीवर असतो त्याच पेशीला आवरतो, रोगाला नाही. 'प्रतिरोधक' तर त्याहून वाईट, कारण शेजारीच 'रोगप्रतिकारक' बसलेला असतो आणि वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. 'निरोधक' शास्त्राच्या पुस्तकात चालतो पण बोलण्यात निरोध म्हटलं की लोकांना सरकारी निरोधच आठवतो, तो शब्द आता त्या कामाला गेला.

रिसेप्टरसाठीच्या 'ग्राही'बद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. गुणग्राही म्हणतो ना आपण, गुण दिसले की घेणारा, तसा हा ठरावीक रेणू समोर आला की त्याला धरणारा. 'पेशी'ही पक्की मराठी, रक्ताच्या रिपोर्टमुळे पांढऱ्या पेशी घराघरात माहीत झाल्यात, फक्त हिंदीतून भाषांतर करताना जपा, तिकडे मांसपेशी म्हणजे स्नायू.

आता आवरण्यासाठी मराठीत शब्द किती आहेत बघा. आळा, आवर, लगाम, वेसण, चाप, खीळ, पायबंद. सगळे 'घालता' येतात, चाप तेवढा लावतात, पण अर्थ एक नाही. खीळ घातली की काम ठप्प, पायबंद घातला की घोडा जागेवर. पीडी-१ असं करत नाही, तो जोर कमी करतो. टी-पेशी, म्हणजे हल्ला करणारी रोगप्रतिकारक पेशी, शत्रू ओळखून चवताळली की स्वतःच हा ग्राही बनवून अंगावर काढते, म्हणजे पुढे तिला कोणीतरी आवरू शकेल. त्याचा एक भाग पेशीपटलाच्या बाहेर, शेपूट आत. बाहेर कोणी पीडी-एल१ नावाच्या प्रथिनाने त्याला धरलं की आतल्या शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट चिकटतं, तिथे एसएचपी-२ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, येतं आणि 'हल्ला करा' म्हणणाऱ्या संदेशातले फॉस्फेट काढून टाकतं. संदेश मंदावतो.

म्हणून मला या सगळ्यात वेसण सगळ्यात जवळची वाटते. बैलाच्या नाकपुड्यांमधला पडदा टोचून आरपार ओवलेली दोरी, तिला कासरा बांधलेला, ओढ बाहेरून आणि परिणाम आख्ख्या बैलावर. ग्राहीही पडद्यातून असाच आरपार असतो. फरक एवढाच की बैलाला वेसण माणूस घालतो, टी-पेशी आपली आपण घालून घेते.

हे मला पुस्तकात नाही सुचलं. मामींना इथे पुण्यात पीडी-१ला अडवणारं कॅन्सरवरचं हे औषध सुरू झालं तेव्हा मामा कोथरूडला आमच्याकडे राहायला होते, जुन्नरकडचे, जन्म बैलांत गेलेला. त्यांनी विचारलं, "ही ताकदीची सुई का?" मी रिपोर्टच्या पाठीमागे एक गोल काढला, त्यातून आरपार एक रेघ, आणि म्हटलं ही वेसण, कॅन्सरची पेशी पीडी-एल१ने हिला धरून ठेवते, औषध मधे बसतं आणि तिला धरू देत नाही. मामा बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे बैल चांगलाय, कासरा चोराच्या हातात गेलाय." आणि लगेच पुढे, "पण चोराकडनं सोडवला आन् बैल आपल्याच उभ्या पिकात शिरला तर?" हाच तर या औषधांचा मुख्य धोका, मोकळ्या झालेल्या टी-पेशी कधी थायरॉइडवर, कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावर उठतात. मी काही न सांगता त्यांना ते शब्दातून कळलं होतं, 'प्रतिबंधक ग्राही'तून कोणाला कळलं असतं सांगा.

पण शास्त्रीय लेखात वेसण लिहिणार का? तिथे मी 'निग्रही' सुचवेन. मनोनिग्रह, इंद्रियनिग्रह हे शब्द सगळ्यांना माहीत आहेत आणि निग्रहात स्वतःलाच आवरणं आहे, जे इथे हवंच आहे. 'निग्रही ग्राही' उच्चारायला जरा अडखळतं, मान्य, पण दोन्हीत 'ग्रह्' हा एकच धातू आहे आणि अर्थ उलटा होत नाही. मग अशा ग्राहींना अडवणाऱ्या औषधांना, म्हणजे चेकपॉइंट इनहिबिटरला, 'तपासणी नाका प्रतिबंधक' म्हणायची वेळ येत नाही, 'निग्रह सोडवणारं औषध' म्हणा.

पीडी-१ या नावाचं मात्र भाषांतर करू नका. १९९२मध्ये क्योटो विद्यापीठात यासुमासा इशिदा आणि तासुकु होन्जो यांची मंडळी मरणाऱ्या पेशींमध्ये कुठली जनुकं चालू होतात ते शोधत होती, त्यात हे सापडलं म्हणून प्रोग्रॅम्ड सेल डेथ-१ असं नाव पडलं. पुढे १९९९मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना ल्युपससारखा आजार झाला, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटलं, तेव्हा ध्यानात आलं की याचं काम आवरायचं आहे. या कामासाठी होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं, सीटीएलए-४ या दुसऱ्या निग्रही ग्राहीवर काम करणाऱ्या जेम्स अ‍ॅलिसन यांच्यासोबत. नाव तेच राहिलं. 'नियोजित पेशीमृत्यू-१' असं मराठी केलं तर 'हा पेशी मारतो' हा जुना गैरसमज आपण नव्याने पेरू.

राहिलं लिंग. जनुक नपुंसकलिंगी, म्हणून 'ते पीडीसीडी१', दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब बाहूच्या टोकाशी असलेलं. त्यापासून बनणारा २८८ अमिनो आम्लांचा ग्राही पुल्लिंगी, म्हणून 'तो पीडी-१', पण वाक्यात प्रथिन म्हणून आला तर 'ते'. तुमचं वाक्य मी असं लिहीन: "पीडीसीडी१ या जनुकापासून पीडी-१ हा निग्रही ग्राही बनतो, तो टी-पेशीवर असतो आणि त्या पेशीलाच आवरतो."